जमिनीच्या पोटात शिजलेले जेवण

लिस्बनहून विमानाने सव्वादोन तास पश्चिमेकडे गेले की अटलांटिक महासागरात साओ मिगेल हे बेट लागते. पोर्तुगालच्या अझोर्स द्वीपसमूहातील नऊ बेटांपैकी हे सर्वांत मोठे, तरी त्याची लांबी अवघी 65 किलोमीटरच्या आसपास. या बेटाच्या पूर्वेकडील भागात फुर्नास नावाचे गाव आहे आणि ते थेट ज्वालामुखीच्या विवरात वसलेले आहे. घरे, चर्च, शाळा, गाईंची कुरणे, एक सुंदर तळे, सारे काही त्या सहा-सात किलोमीटर रुंदीच्या खोलगट वाटीत. हा ज्वालामुखी शेवटचा जागा झाला तो 1630 साली. त्या वेळी सुमारे 200 माणसे मृत्युमुखी पडली. आज तो शांत आहे, पण विझलेला नाही. त्याच्या उष्णतेवर गावकरी रोज दुपारचे जेवण शिजवतात, आणि ते जेवण चाखण्यासाठी बेटाची राजधानी पोन्ता देल्गादा येथून एका दिवसाच्या सहली निघतात.

गेल्या सप्टेंबरात मी आईला घेऊन या सहलीला गेले. भाची लिस्बनला शिकते, तिच्याकडे जाणे ठरलेलेच होते. बेटाचा हट्ट आईचा. आईचे वय 71. मधुमेहाला वीसहून अधिक वर्षे झाली आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि गेली चार-पाच वर्षे तळपायांची संवेदना मंदावली आहे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असे एखादे वडीलधारे माणूस असेलच. त्यांना घेऊन ज्वालामुखीच्या विवरात जेवायला जावे का, असे मला कोणी विचारले तर मी निःशंक होकार देईन. मात्र दिवसाचे वेळापत्रक हंड्याचे असते, आपल्या माणसाच्या शरीराचे नसते, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. ते मी बऱ्याच अंशी घेतले होते. एका ठिकाणी चुकले. त्या चुकीविषयीही पुढे लिहिते, कारण ती तुमच्याकडून वज्रेश्वरीलासुद्धा घडू शकेल.

सुरुवात आदल्या दिवसापासूनच करावी लागते. फुर्नासच्या या जेवणाला ‘कोझीदो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ केवळ ‘शिजवलेले’. मोठ्या हंड्यात गोमांस, डुकराचे मांस, कोंबडी, लाल तिखटाचे चोरीस (आपल्या गोव्यातले तेच), रक्त घालून केलेले काळे सॉसेज आणि त्यांच्या जोडीला कोबी, हिरव्या पालेभाजीची जाड पाने, गाजर, बटाटा, रताळे आणि अळूचा कंद असे थर रचतात. पाणी घालत नाहीत. मांसाच्या आणि भाज्यांच्या अंगच्या रसातच सारे शिजते. तेव्हा ‘आम्ही फक्त भाज्या उचलून खाऊ’ ही शाकाहारी माणसाची पळवाट येथे चालत नाही. त्या बटाट्यात चरबी पुरती मुरलेली असते. शाकाहारी हंडा हवा असेल तर तो एक दिवस आधी सांगावा लागतो, कारण पहाटे हंडा जमिनीत गेला की त्यात बदल करणे कोणाच्याही हातात नसते. आम्ही सहल ठरवतानाच तसे लिहून कळवले होते आणि आदल्या संध्याकाळी फोनवर पुन्हा विचारून घेतले होते. दुसऱ्यांदा विचारणे संकोचाचे वाटते, पण विचारावे.

सकाळी साडेआठला आठ आसनांची गाडी दाराशी आली. चालक आणि वाटाड्या एकच, बेटावरच जन्मलेली एक तरुणी. पहिला थांबा उत्तर किनाऱ्यावरचा गोर्रियाना चहाचा मळा. हा मळा 1883 पासून चालू आहे आणि युरोपातील सर्वांत जुना चालू मळा म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात या बेटाची संत्री इंग्लंडला जात. झाडांना रोग पडला, व्यापार बुडाला आणि दुसरे पीक शोधताना लोक चहाकडे वळले. 1878 मध्ये मकावहून दोन चिनी जाणकार खास चहा करायला शिकवण्यासाठी आणले गेले. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या हिरव्या रांगा पाहून मुन्नारची आठवण होते, मात्र वाऱ्याला मीठ असते. पोर्तुगीज भाषेत चहाला ‘शा’ म्हणतात हे ऐकून आई खुलली. पुढे दिवसभर तिचा तोच खेळ चालला. बटाट्याला बटाटाच, अननसाला अननसच, कोबीला ‘कोव’, पावाला ‘पांव’. चारशे वर्षांपूर्वी जहाजांतून जे शब्द आपल्या किनाऱ्याला लागले, त्यांच्या माहेरी आपण आलो आहोत असे तिला वाटू लागले. बिनसाखरेचा हिरवा चहा तिने दोन कप घेतला.

येथेच अकराच्या सुमारास आम्ही तिला अर्धा ‘बोलो लेव्हेदो’ खायला दिला. फुर्नासचा हा तव्यावर भाजलेला, तळहाताएवढा, किंचित गोड पाव. चवीला आपल्या बनपावाचा जरा भारदस्त भाऊ म्हणा. तो आम्ही आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवला होता आणि त्यामागे कारण होते. सहलीच्या पत्रकात जेवणाची वेळ एकची होती. प्रत्यक्षात ताट समोर आले तेव्हा सव्वादोन वाजले होते. यात कोणाचा दोष नाही. हंडे निघण्याची वेळ, गाड्यांची गर्दी, उपाहारगृहातील रांग, यांत तासभर सहज जातो. पण ज्यांनी सकाळी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले आहे, त्यांच्या बाबतीत हा एक तास फार मोठा ठरतो. मध्ये काही न खाल्ल्यास घाम, थरथर, चिडचिड, धूसर दिसणे अशी लक्षणे सुरू होऊ शकतात. तसे झाल्यास पंधरा ग्रॅम साखर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही देऊ नये. ताबडतोब वैद्यकीय मदत बोलवावी. जेवणाआधीचे इन्सुलिन ताट दिसल्याशिवाय घेऊ नये. ‘पाचच मिनिटे’ या आश्वासनावर तर मुळीच नव्हे. सहलीच्या दिवशी मात्रा कशी ठेवावी हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. अर्ध्या पावामुळे आईला यांपैकी कशाचीच गरज पडली नाही.

मळा सोडल्यावर गाडी डोंगर चढू लागते. रस्त्याच्या दोन्ही कडांना हायड्रेंजियाची कुंपणे असतात. आम्ही गेलो तेव्हा त्यांचा निळा रंग उतरू लागला होता. पिको दो फेरू या कड्यावर गाडी थांबते आणि एकदम खालची सगळी वाटी डोळ्यांत मावते. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला तळे आणि तळ्याच्या उत्तर काठावर पांढऱ्या वाफेचे झुबके. तुम्हीआम्ही सह्याद्रीतली माणसे ज्वालामुखीच्या दगडावरच वाढलो. आपला काळा पाषाण साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. परंतु आपल्याकडे तो केव्हाच थंड झाला, त्यावर लेणी कोरली गेली, किल्ले उभे राहिले. येथे तीच प्रक्रिया अजून चालू आहे. तळ्याचे पाणी मात्र वरून दिसते तितके निरोगी नाही. आजूबाजूच्या कुरणांतील खतांचा अंश पाण्यात उतरून शेवाळ माजले. ते रोखण्यासाठी काठाची काही कुरणे विकत घेऊन तेथे पुन्हा झाडे लावण्याचे काम गेली काही वर्षे चालू आहे.

बारा वाजता आम्ही तळ्याकाठी पोहोचलो. राखाडी, ओलसर जमिनीवर मातीचे लहान लहान उंचवटे दिसतात आणि प्रत्येकावर एक पाटी असते. कोणत्या उपाहारगृहाचा हंडा कोठे पुरला आहे, याची ती खूण. गावातल्या कुटुंबांनाही थोडे शुल्क भरून आपला हंडा येथे पुरता येतो. पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, कापडात गुंडाळलेला हंडा खड्ड्यात सोडतात, वर लाकडी झाकण ठेवतात आणि माती ओढून घेतात. पाच-सहा तासांनी दोन माणसे येतात, फावड्याने माती बाजूला करतात, लोखंडी आकड्यांनी हंडा वर उचलतात. झाकण सरताच वाफेचा लोट उठतो आणि भोवतीची माणसे आपोआप दोन पावले मागे होतात. ना चूल, ना सरपण, ना गॅस. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अगं, पहाटे उठून चूल पेटवायची नाही, फुंकायची नाही, धूर नाही. माझ्या आजीला हे दाखवायला हवे होते.”

धूर नाही हे खरे; वायू मात्र आहेत. आणि कुटुंबाने येथे जाण्यापूर्वी त्यांविषयी थोडे जाणून घ्यावे. कुजलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. नाक त्याला लवकर सरावते, म्हणून वास येईनासा झाला याचा अर्थ वायू नाहीसा झाला असा घेऊ नये. दुसरा वायू कार्बन डायऑक्साइड. त्याला वासच नाही आणि तो हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचतो. फुर्नासमध्ये तो जमिनीतून काही घरांच्या तळघरांतही झिरपतो, त्यामुळे तेथे तो मोजला जातो आणि बंद, सखल खोलीत झोपणे टाळले जाते. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुर्नासच्या रहिवाशांची तुलना सांता मारिया या शांत बेटावरील लोकांशी करण्यात आली, तेव्हा फुर्नासमध्ये जुनाट ब्राँकायटिसचे प्रमाण बरेच अधिक आढळले. हा परिणाम आयुष्यभर तेथे राहणाऱ्यांवरचा आहे. उघड्या हवेत अर्धा तास उभ्या राहणाऱ्या निरोगी पाहुण्याला त्यातून भीती बाळगण्याचे कारण नाही. पण दमेकऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या बाजूस उभे राहावे, इन्हेलर गाडीत न ठेवता खिशात ठेवावा आणि लहान मुलांना वाफेच्या खड्ड्यांशी वाकू देऊ नये.

आता ताटाविषयी. आमच्या शाकाहारी हंड्यातून जे निघाले ते पाहून आईने पहिला शब्द उच्चारला, “उपवास!” बटाटा, रताळे, अळूचा कंद, सगळे एकाच थाळीत. त्याखाली कोबीची मोठी पाने, गाजर आणि वाटीभर भात. फुर्नासचा अळूकंद प्रसिद्ध आहे. झऱ्यांच्या कोमट वाहत्या पाण्यावर त्याची लागवड करतात. तो घट्ट, किंचित करड्या रंगाचा आणि आपल्या अळकुड्यांपेक्षा कमी चिकट लागला. गंधकाचा वास जेवणाला येतो का, असे सगळेच विचारतात. मला कोबीच्या बाहेरच्या पानांना अगदी पुसट आला, आईला मुळीच आला नाही. मसाला जवळजवळ शून्य. पहिल्या घासाला फिके वाटते, तिसऱ्या-चौथ्या घासाला रताळ्याची आणि गाजराची स्वतःची गोडी जिभेवर उतरते. आईने पिशवीतून लसणाची चटणी काढलीच. मी तिला अडवले नाही.

मधुमेहींसाठी हे ताट जरा फसवे आहे. तेल नाही, तळण नाही, सगळे वाफवलेले, म्हणजे निर्धास्त खावे असे वाटते. परंतु तीन कंद आणि भात मिळून पिष्टाचा मोठा साठा होतो, आणि पाच-सहा तास मऊ शिजलेले पिष्ट पचायलाही सोपे जाते, म्हणजे साखर लवकर वाढते. आम्ही थाळीचा अर्धा भाग कोबी, पालेभाजी आणि गाजराने भरला, एकच कंद निवडला (अर्थात अळूचा) आणि भात बाजूला सारला. कडधान्याची जोड हवी म्हणून बरोबर भाजलेले चणे होते. तिखट मिरचीच्या वाटणाबरोबर ताजे पांढरे चीज येथे जेवणाआधी देतात, तेही उपयोगी पडले. मांसाहारी हंडा घेणाऱ्यांनी मिठाचा विचार करावा. खारवलेले मांस आणि सॉसेज यांचे मीठ साऱ्या हंड्यात उतरते, त्यामुळे उच्च रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी कोंबडीवर समाधान मानून सॉसेजची एखादीच चकती चाखावी. तळाशी राहिलेला रस भातावर ओतून घेण्याचा मोह फार होतो. तो त्यांनी टाळलेला बरा.

जेवणानंतर गावातल्या उकळत्या कुंडांकडे पायी जायचे होते. रस्त्याच्या कडेला दगडी कठडे, आत खदखदणारे राखाडी पाणी, आणि पोत्यात बांधून त्या पाण्यात सोडलेली मक्याची कणसे. कणीस विकत घेऊन खात खात लोक एका तोटीवरून दुसऱ्या तोटीवर जातात. फुर्नासमध्ये निरनिराळ्या चवींच्या पाण्याचे वीसहून अधिक झरे आहेत. कोठे लोहाची तुरट चव, कोठे सोड्यासारखे बुडबुडे असलेले थंड आंबट पाणी. अशा पाण्यात बेटावरचा हिरवा चहा केला की तो चक्क जांभळा होतो. तो पाहायला मी आत गेले. आई बाहेर कट्ट्यावर बसली होती.

मी परत आले तेव्हा तिने बूट-मोजे काढून पाय कट्ट्याखालच्या दगडी पन्हळीत सोडले होते. कोमट पाणी वाहत होते, शेजारी आणखी दोघीजणी तशाच बसल्या होत्या. “छान शेक मिळतोय,” ती म्हणाली. मी हात घालून पाहिले नाही. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते, माझ्या हातात जांभळा चहा होता आणि मला ते दृश्य फार आवडले. मी छायाचित्र काढले.

रात्री मोजा काढताना उजव्या टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड दिसला. तिला काहीच दुखत नव्हते. शेजारणींचे पाय पन्हळीच्या मध्यावर होते. आईची टाच बहुधा तोटीच्या बाजूला, जेथे गरम पाणी थेट पडते तेथे टेकली होती. ज्यांच्या तळपायांची संवेदना शाबूत आहे त्यांनी क्षणात पाय काढला असता. आम्ही फोड फोडला नाही, हळद-तूप-टूथपेस्ट काही लावले नाही, स्वच्छ जाळीची पट्टी सैल बांधली आणि सकाळी डॉक्टरांना दाखवले. भाजल्याबरोबर लगेच वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली पाय धरणे हा खरा प्रथमोपचार असतो. तो करण्याची वेळ आम्हाला कळलीच नव्हती. ती जखम पूर्ण भरायला सात आठवडे लागले. पुण्याच्या आमच्या डॉक्टरांनी सांगितले की यापेक्षा लहान फोडातून पाय गमावण्यापर्यंत पाळी आलेले रुग्ण त्यांनी पाहिले आहेत.

म्हणून हे आग्रहाने लिहिते. वज्रेश्वरी, गणेशपुरी, तुरळ-राजवाडी, उन्हवरे येथील कुंडांखाली जिवंत ज्वालामुखी नाही, पण गरम पाणी ते गरम पाणीच. मधुमेही व्यक्तीने पाण्याचा अंदाज कधीही पायाने घेऊ नये. आधी कोपराने पाहावे किंवा बरोबरच्या, संवेदना शाबूत असलेल्या माणसाने हात घालून पाहावे. पाण्याची धार जेथे पडते तेथे आणि आपण बसतो तेथे, दोन्ही ठिकाणी पाहावे. अनवाणी मुळीच चालू नये, कारण अशा जागी दगडही तापलेले असतात. आणि संध्याकाळी दोन्ही तळवे उजेडात तपासावेत. वाकता येत नसेल तर आरसा धरावा.

त्या दुपारी आम्हाला हे काहीच ठाऊक नव्हते, आणि पुढे गेलो ते तेर्रा नोस्त्रा बागेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस टॉमस हिकलिंग या अमेरिकी व्यापाऱ्याने येथे घर बांधले, झाडे लावली. आज तेथे जगभरचे वृक्ष आहेत. बागेतला मोठा तलाव लोहामुळे गेरूच्या रंगाचा झालेला असतो आणि त्याचे तापमान 35 ते 40 अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. मी दहा मिनिटे उतरले. आईला मी उतरू दिले नाही. भरल्या पोटी गरम पाण्यात बसले की त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या माणसाला बाहेर येऊन उभे राहताना चक्कर येऊ शकते. इन्सुलिन टोचलेल्या जागी उष्णता मिळाली की ते रक्तात वेगाने उतरते, ही दुसरी अडचण. हृदयविकार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज उतरू नये. ज्यांना उतरायचे आहे त्यांनी जेवणाआधी उतरावे, जुने गडद कपडे घालावेत (ते डाग निघत नाहीत) आणि बाहेर आल्यावर पाणी प्यावे. माझ्यावर थोडी रुसून आई वृक्षांखाली फिरत राहिली. बूट घालून.

परतीची वाट दक्षिण किनाऱ्याने होती. व्हिला फ्रांका दो कांपो या गावी गाडी पाच मिनिटे थांबली. बेटाची ही पहिली राजधानी. 1522 च्या भूकंपात डोंगर कोसळून गाडली गेली. आज तेथे अंडी आणि दुधाची छोटी गोड मोदकवजा मिठाई मिळते. भाचीसाठी आम्ही सहा घेतल्या. आईने एकीचा चतकोर तुकडा खाल्ला आणि यंत्रावर साखर पाहिली, 158 होती. मग तिने उरलेले बोलो लेव्हेदो रुमालात बांधले, आसन मागे सरकवले आणि समुद्र दिसेनासा होईपर्यंत वाटाडीला अळूची पाने येथे कोणी का खात नाही, हे विचारत राहिली. अळूच्या फतफत्याची कृती तिने त्या मुलीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तोंडी सांगितली. चिंच कोठे मिळेल, एवढाच प्रश्न सुटायचा राहिला.